तयार माणूस

चंद्रकलाने स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि इश्वरच्या हातातला कागद जवळजवळ ओढूनच घेतला. रुंद, दोन्ही कडांना भोकं असलेला कागद, आणि मधल्या एका ओळीभोवती लाल पेन्सिलीने काढलेला गोल.

"ताई, इथे चूक आहे," इश्वर म्हणाला.

तिने गोलाकडे पाहिलं. वाचायची गरज नव्हती. तो कोणत्या ओळीभोवती असणार, हे त्याने खुर्ची मागे सारली तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. याआधी तीन इंजिनिअर येऊन गेले होते आणि तिघांनाही चूक सापडली ती याच ओळीत.

"सांग, काय चुकलं?"

"गोदामात चार टप्पे आहेत ना. माल काढायची चिठ्ठी बनवताना प्रोग्रॅम पहिले चौथ्या टप्प्यात पाहते, मग तिसऱ्यात, मग दुसऱ्यात. उलटा चालून राहिला. मी सरळ करून ठेवू काय? एका ओळीचं तर काम आहे."

"त्या ओळीले हात नाही लावायचा."

"पण ताई..."

"नाही म्हटलं ना!"

आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला.

बाहेर मे महिना होता. शहापूरच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या त्या गिअर कारखान्यात माणसं डोक्याला ओले दुपट्टे बांधून काम करत होती आणि सबंध जिल्ह्यात बहुधा एकटी चंद्रकला स्वेटर घालून बसली होती. कॉम्प्युटरला गारवा लागायचा, म्हणून माणसांनी तो सोसायचा. चपला दाराबाहेर काढायच्या, पाय गार फरशीवर ठेवायचे आणि दिवसभर यंत्राची घरघर ऐकायची. कॉम्प्युटर आल्यापासून सहा वर्षं ती ते करत आली होती; त्याआधी पाच वर्षं तिने गोदामातल्या मालाची कार्डं लिहिली होती. थंडीचं तिला काही वाटत नसे. वाटायचं ते निराळ्याच गोष्टीचं.

तिच्या स्वतःच्या टेबलावर मागणीपत्रकांच्या नव्या प्रोग्रॅमचे कागद महिनाभर तसेच पडले होते. एप्रिलअखेर तो पूर्ण व्हायला हवा होता. सकाळी ती कागद पुढे ओढायची, कालचं शेवटचं वाक्य शोधायची, आणि हाताशी धागा लागतो न लागतो तोच शेजारून खुर्ची सरकायची. "ताई, एक मिनिट." प्रश्न दहा मिनिटांचा असायचा. पण दहा मिनिटांचा प्रश्न दहा मिनिटांत संपत नाही, हे ज्यांनी कधी एकट्याने डोकं चालवलेलं नाही त्यांना कसं सांगावं? ती आंधळगावच्या, कोशाचं रेशीम विणणाऱ्या घरातली होती. मागावर एक धागा तुटला तर तो सांधायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो कुठे तुटला हे शोधायला लागतो, हे तिने लहानपणीच पाहिलं होतं. तिचे धागे दिवसातून वीसदा तुटत. संध्याकाळी हिशेब केला तर इश्वर चार पावलं पुढे गेलेला असे, आणि ती सकाळी होती तिथेच.

आधीच्या तिघांचंही असंच झालं होतं. पहिला चार महिन्यांत नागपूरला गेला. दुसरा पुण्याला, जाताना शाल-श्रीफळ घेऊन. तिसऱ्याने ती ओळ न विचारताच सरळ केली. त्याबद्दल कुणाला काही कळायच्या आत त्याला दुबईची नोकरी लागली. चार महिने गोदामातला माल उलट्या बाजूने निघत राहिला. जुने रबरी सील खाली पडून पडून कडक झाले, मग एक दिवस घाईत तेच बसवले गेले, आणि कामठीच्या गिऱ्हाईकाकडून तेल गळणारे अकरा गिअरबॉक्स परत आले. चंद्रकलाला कागद मिळाला : 'नवीन अभियंत्यास योग्य ती माहिती वेळेवर देण्यात आलेली नाही. खुलासा करावा.' तिने खुलासा केला. त्या वर्षीच्या तिच्या अहवालात साहेबांनी लिहिलं, 'कामे वेळेत पूर्ण होत नाहीत.'

तेही खरंच होतं. होत नव्हती.

आता हा चौथा. आणि या चौथ्यावर तिचं सगळं टांगलेलं होतं. कंपनीत डिग्रीशिवाय कुणी अधिकारी होत नसे. चंद्रकला साधी बी.एस्सी. पण मुंबईला कंपनीचा सहा महिन्यांचा एक प्रशिक्षण वर्ग होता. तो करून आलेल्याला ती अट लागू नव्हती. कारखान्याच्या वाट्याला दर वर्षी एक जागा यायची. दोनदा तिचं नाव निघालं आणि दोनदा मागे पडलं, कारण तिच्या मागे कॉम्प्युटर सांभाळायला कुणी नव्हतं. जानेवारीत पुंडलिकराव वैरागडे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "तुमच्या जागी एक माणूस उभा करा चंद्रकलाबाई, अन् खुशाल जा. मी अडवणार नाही. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होते."

जूनअखेरचं महिन्याचं काम इश्वरने एकट्याने काढलं की ती सुटली. इतकं ते सरळ होतं.

"चल," ती उठत म्हणाली, "चपला घाल."

गोदाम उताराच्या जमिनीवर बांधलं होतं. जमीन सपाट करायचा खर्च वाचवायला मालकांनी आतली फरशी चार पायऱ्यांत घातली होती, प्रत्येक पायरी एखाद्या अंगणाएवढी. वरच्या दाराला ट्रक लागत, खालच्या दारातून माल जोडणीच्या शेडमध्ये जाई. पहिल्या पायरीवर उभं राहिलं की शेवटच्या पायरीवरची माणसं गुडघ्याएवढी दिसत.

सोमाजी खालच्या पायरीवर खोक्यांना खडूने खुणा करत होता. गोदामात तो कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून होता आणि अजूनही मदतनीसच होता. त्याच्या कानामागे खडू आणि खिशात तंबाखूची डबी.

"काका, याले सांगा," चंद्रकला म्हणाली. "मले सांगून सांगून कंटाळा आला."

"चौथा काय?"

"चौथा."

सोमाजीने इश्वरकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बूट त मजबूत आहेत याचे. धावाले बरे."

इश्वर कसनुसा हसला.

"पाह्य बाबू," सोमाजीने खडूने वर दाखवलं, "ते वरची बांधी, हे खालची. नवा माल येते तो वरच्या बांधीत पडते. खालची रिकामी झाली का शनवारी आम्ही वरचा माल एकेक बांधी खाली उतरवतो. कारखान्याले माल द्याचा तो नेहमी खालच्या बांधीतून. समजलं? तुह्या मशिनीले नाही समजत असन त तिले सांग."

"म्हणजे धानाच्या शेतात जसं..." इश्वर बोलता बोलता पुढे झाला, हात आपोआप उतरत्या पायऱ्यांवरून फिरला, "नवं पाणी वरच्या बांधीत घ्याचं अन् जुनं खालच्या बांधीच्या मुहीतून सोडाचं. मधल्या धुऱ्याले हात नाही लावाचा, नाही त..."

तो थांबला. पण फार उशिरा थांबला.

सोमाजीने कानामागचा खडू काढला. "तू नागपूरचा ना?"

"नागपूरलाच शिकलो मी."

"मुही फोडणं नागपूरच्या कॉलेजात शिकवतेत काय?"

इश्वरचे कान लाल झाले. "दिघोरीचा आहे," तो हळूच म्हणाला. "भैय्यालाल कापगतेंचा."

"हात् तुह्या! मंग पहिलेच काहून नाही सांगतलं लेका? म्या उगाच बूट पाह्यत होतो."

चंद्रकलालाही हसू आलं, महिनाभरात पहिल्यांदा. तिघांना जे महिनोन्महिने कळलं नाही ते याला एका वाक्यात कळलं होतं. परत जाताना पायऱ्या चढत असतानाच इश्वरने विचारलं, "ताई, हे प्रोग्रॅममध्ये लिहून काहून नाही ठेवलं? दोन ओळी लिहिल्या असत्या तर कोणीच ते बदललं नसतं."

"लिहायले वेळ कोण देईन?" ती ताडकन म्हणाली.

पण तो प्रश्न तिच्याबरोबर चपला काढून आत आला आणि दिवसभर शेजारी बसून राहिला. दोन ओळींना किती वेळ लागतो? सहा वर्षांत तिला पाच मिनिटं मिळाली नव्हती काय? की डिग्री नसलेल्या बाईकडे विचारायला लोकांनी यावं म्हणून ते तिने डोक्यातच ठेवलं होतं? उत्तर सापडू नये असंही कुठेतरी वाटलं. पाच वाजता तिने प्रोग्रॅमच्या त्या जागी दोन ओळी लिहून टाकल्या आणि त्यापायी आंधळगावची बस चुकवली.

घरी कुंताबाई ओसरीवर मांडीवर कोशाचा धागा वळत बसली होती.

"आज काय वं इतका उशीर?"

"काम होतं."

"तुह्यं का त्या पोराचं?"

चंद्रकलाने माठातलं पाणी घेतलं.

"हाबी पळून जाईन पाह्य," कुंताबाई धाग्यावरची नजर न हलवता म्हणाली. "तुह्यापाशी शिकतेत अन् पळतेत. तुले पाहाले आलेले नवरदेवबी एवढ्या लवकर नाही पळाले."

"आई!"

"खोटं सांगतो काय? दोन वर्षं झाले तुही मुंबईची पेटी घरात आहे. मी त्यात वाकळा भरून ठेवल्या. काढू काय सांग?"

"जुलैत सांगीन."

"जुलै," कुंताबाई म्हणाली आणि मांडीवरचा धागा वळत राहिली.

जून असाच गेला. तिने इश्वरला उतरवणीचा शनिवार शिकवला, टेप लावायला शिकवलं, मधेच वीज गेली तर कुठून सुरू करायचं ते शिकवलं. प्रिंटरचा कागद एका बाजूने ओढला जातो तेव्हा त्याला कुठे बोट लावायचं, जोडणीच्या शेडमधला फोरमन 'लवकर पाहिजे' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आज की परवा, हेसुद्धा शिकवलं. कोणत्याही पुस्तकात नसलेल्या गोष्टी. तो वहीत लिहून घेई, दुसऱ्या दिवशी त्यातूनच नवा प्रश्न काढी. कधी ती चिडे. कधी नुसतंच दात आवळून "हं" म्हणे. स्वतःचा प्रोग्रॅम तिने जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात पुढे ढकलला, आणि तो जुळत नाही हे पाहून दोनदा फाडून टाकला. साहेबांनी एकदा दारातून डोकावून विचारलं, "मागणीपत्रकाचं काय झालं बाई?" तिने मान खाली घालून "होऊन राहिलं" म्हटलं. शेजारी इश्वर बसला आहे, याचा उल्लेख दोघांपैकी कुणीच केला नाही.

जूनच्या शेवटच्या दिवशी सकाळी दहाला ती कॉम्प्युटरच्या खोलीत गेलीच नाही. थेट गोदामात आली आणि खालच्या बांधीवर एका खोक्यावर बसली.

"काहून वं, सायबानं हाकललं काय?" सोमाजी म्हणाला.

"आज तो एकटाच करून राहिला."

"मंग तू कायले श्वास धरून बसली? तो करन नाही त मरन."

ती बसून राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. तिच्या डोक्यात वरच्या खोलीतली प्रत्येक पायरी चालत होती : आता त्याने टेप लावली असेल, आता चिठ्ठ्या जुळवत असेल. इथे तो नक्की अडेल. इथे तिघेही अडले होते. आता तो जिन्यावरून येईल आणि "ताई, एक मिनिट" म्हणेल. तिने उत्तरसुद्धा तयार करून ठेवलं.

तीनच्या सुमारास तो आला. धावत नाही, चालत. तिच्यासमोरून गेला आणि सोमाजीपाशी थांबला.

"काका, तिसऱ्या बांधीत दोन नंबरच्या बेअरिंगचे चाळीस डबे दाखवून राहिला कॉम्प्युटर. शनिवारी उतरवले होते ना तुम्ही? मले डोळ्यांनी पाहू द्या."

दोघांनी जाऊन पाहिलं. डबे खाली उतरवलेले होते, फक्त चिठ्ठी टाकायची राहिली होती. इश्वरने चिठ्ठी तिथेच लिहिली, सोमाजीची सही घेतली आणि आला तसा वर गेला. चंद्रकला खोक्यावर बसली आहे हे त्याला दिसलं होतं की नाही कोण जाणे.

साडेचारला प्रिंटरचा आवाज बंद झाला. काम झालं होतं, आणि बरोबर झालं होतं. तिच्या वेळेहून चाळीस मिनिटं आधी. तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि तिने तयार करून ठेवलेलं उत्तर मात्र तसंच राहिलं.

जुलैच्या पहिल्या सोमवारी पुंडलिकरावांनी तिला बोलावलं. टेबलावर चहाचे दोन कप होते. आजवर त्या केबिनमध्ये तिला कधी चहा मिळाला नव्हता.

"मुंबईच्या ऑफिसले कळवलं मी," ते म्हणाले. "सगळे खूश आहेत. तीन महिन्यांत माणूस तयार! बाकीच्या कारखान्यांत वर्ष लागते म्हणे. तुमच्या हातात काहीतरी आहे बाई."

"इश्वर हुशार आहे साहेब."

"आहेच. म्हणून त्यालेच पाठवायचं ठरलं आहे वर्गाले. डिग्री आहे, वय आहे."

चंद्रकलाने कप उचलला होता. तो तिने परत बशीत ठेवला.

"माझं ठरलं होतं," ती म्हणाली.

"ठरलं होतं ना. मी कुठे नाही म्हणतो? पण पुढच्या सोमवारी आणखी दोन नवीन येऊन राहिले. मुंबईच्याच लोकांनी पाठवले, इथे चांगलं शिकवतात म्हणून. तुम्ही गेल्या तर त्यांना शिकवणार कोण? पुढच्या वर्षी पाहू. सवय आहे तुम्हाले." त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. "इथे तेवढी सही करा."

कागदावर इश्वरचं नाव होतं. खाली वाक्य : 'उपरोक्त कर्मचारी कोणत्याही मदतीशिवाय स्वतंत्रपणे काम करण्यास सक्षम आहे.' त्याखाली : 'प्रशिक्षण देणाऱ्याचे नाव व सही.'

तिने ते दोनदा वाचलं. माणूस तयार झाला नाही म्हणून दोनदा राहिले, तिला वाटलं, आणि आता झाला म्हणून राहायचं.

"साहेब, असा कोरा फॉर्म आहे काय आणखी?"

"कशाले?"

"माझ्या नावाचा भरायला."

पुंडलिकराव हसले. "तुमचा? तुम्ही तर जुनं माणूस. तुम्हाले कोण विचारते?"

"कोणी विचारत नाही. लिहूनही दिलं नाही कोणी, अकरा वर्षांत."

त्यांचं हसू थोडं ओसरलं. त्यांनी खण चाचपला, एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "घ्या. पण प्रशिक्षण देणाऱ्याची सही कोणाची आणणार? कॉम्प्युटर बसवणारे पंधरा दिवस राहून निघून गेले. बाकी तुम्ही पुस्तकं पाहून शिकल्या. शिकवणारं कोणीच नव्हतं तुम्हाले."

"पुस्तकात गोदाम नव्हतं," चंद्रकला म्हणाली आणि दोन्ही कागद घेऊन उठली.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर इश्वर उभा होता. त्याला कळलं होतं, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं.

"ताई, मी नाही जात म्हणून सांगतो साहेबांना."

"सांगू नको. तुह्यं काय चुकलं?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, "जा आत. फोरमनचा फोन येईन."

सोमाजी खालच्या बांधीवर बसून तंबाखू मळत होता. धानाच्या रोवण्यासाठी त्याला आठ दिवसांची सुट्टी हवी होती आणि कुणाकडे मागावी याचा विचार चालला होता. तिने कागद त्याच्यासमोर खोक्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"इथं सही करा काका."

"मी?" त्याने हात विजारीला पुसला. "अवं, मले मशीन कोठी येते? खोट्या सहीपायी माह्यी नोकरी जाईन."

"मशीन नाही. अठ्ठ्याहत्तरमध्ये मी कार्डं लिहायला लागले तेव्हा गोदाम कोणी शिकवलं मले? तीन महिने रोज दुपारी. कोणता माल कुठे, काय आधी काढायचं. तेच तर मशीनमध्ये घातलं मी. दुसरं काय घातलं?"

सोमाजीने पेन घेतलं. दोन्ही ओठ मिटून, एकेक अक्षर रेखत सही केली. मग कागदाकडे मान तिरपी करून पाहिलं. त्याला गंमत वाटत असावी.

"अकरा वर्षानं लिवलं पाह्य," तो म्हणाला. "तवा लिवलं असतं त बरं झालं असतं."

"का?"

"त्या साली माह्यी मोजदाद तीन महिने मांगं राह्यली ना. दुपार तुह्याकडे जाये. सायेब म्हणे, सोमाजी, तुह्याच्यानं काम नाही होत. मुख्य गोदामवाल्याच्या जागेसाठी माह्यं नाव होतं, ते जागेश्वरले गेलं." त्याने तंबाखू ओठाखाली ठेवली. "जाऊ दे. जागेश्वरबी बरा माणूस आहे."

सोमाजी कमी शिकलेला, म्हणून मदतनीस राहिला, असं चंद्रकला इतकी वर्षं धरून चालली होती. सगळेच धरून चालले होते.

"तुम्ही मले सांगतलं काहून नाही काका?"

"तू लय विचारे तवा. हे काय, ते काय, काहून असं, काहून तसं. डोकं खाये." सोमाजी हसला. "हे तेवढं नाही इचारलं."

वरच्या दाराला ट्रक लागला. सोमाजी गुडघ्यावर हात देऊन उठला आणि पायऱ्या चढू लागला. चंद्रकला तिथेच उभी राहिली. तिच्या हातातला कागद घामाने एका कोपऱ्यात ओला झाला होता. तिने तो दुसऱ्या हातात घेतला. मग इश्वरचा फॉर्म खोक्यावर पसरून त्यावर सही केली, नीट, पूर्ण नावाने.

पुंडलिकराव फोनवर होते. त्यांचं संपेपर्यंत ती थांबली. मग दोन्ही कागद एकाशेजारी एक त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी आधी इश्वरचा पाहिला, मान हलवली. मग दुसरा. सहीपाशी त्यांची नजर अडकली.

"सोमाजी? हेल्पर?"

"हो."

"बाई, जागा एकच आहे."

"माहीत आहे साहेब."

"मग दोन फॉर्म देऊन काय फायदा? एकालाच पाठवता येईल."

"ज्याला पाठवायचं त्याला पाठवा," चंद्रकला म्हणाली. "ज्याला नाही पाठवायचं त्याच्या कागदावर कारण लिहून द्या. फक्त खरं लिहा. काम येत नाही म्हणून, की शिकवता येते म्हणून."

"असं कसं लिहिता येईल?"

पुंडलिकरावांनी पेनाचं टोपण काढलं. तिचा फॉर्म पुढे ओढला. 'शेरा' लिहिलेल्या रिकाम्या चौकटीवर निब टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शाईचा एक ठिपका तिथे उमटला आणि पसरू लागला.

"तुम्ही जा, काम करा," ते वर न पाहता म्हणाले. "मी पाहतो काय ते."

एरवी ती गेली असती. वर खोलीत फोन वाजत होता आणि इश्वर तो उचलत होता हे तिला ऐकू येत होतं. टेबलासमोरची खुर्ची तिने मागे ओढली, तिच्यावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "मी थांबते."